शिवेपर्यंतचा माग

मार्गशीर्षातल्या एका पहाटे आमची नदीवरची मोटर चोरीला गेली. साडेसात एचपीची पाण्यातली मोटर, तिची सगळी केबल आणि जाता जाता स्टार्टरची पेटीसुद्धा. आमचं गाव निपाणी तालुक्याच्या पार टोकाला, कोगनोळीच्या बाजूला. रान दूधगंगेच्या अंगाला. पलीकडं कागल, म्हणजे महाराष्ट्र. नणंद तिकडंच दिलेली, त्यामुळं ती हद्द एरवी आम्हाला जाणवतही नाही. कोरोनात नाक्यावर अडवलं तेव्हा जाणवली, आणि आता मोटर गेली तेव्हा.

रविवार होता, म्हणून सहावीतली लेकही आबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या मागोमाग रानात गेली. चिखलात चाकांच्या खुणा होत्या, छोटा हत्ती असावा. पाणंदीनं त्या डांबरी रस्त्यापर्यंत गेल्या आणि पुढं उसाच्या ट्रॅक्टरांनी सगळं पुसून टाकलं होतं. मग ठाणं. अलीकडच्या ठाण्यात म्हणाले, मोटर पात्रात होती, पात्र कुणाच्या हद्दीत ते बघावं लागेल, तुम्ही पलीकडं विचारा. पलीकडं म्हणाले, तुमचा उतारा कर्नाटकाचा, आमचा काय संबंध? यांच्या गाडीवर बसून लेक दोन्हीकडं जाऊन आली. संध्याकाळी मी भाकरी थापत होते, तर शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आई, पोलीस नेमके कुणाचे असतात गं?"

मी काही बोलायच्या आत सोप्यातून आवाज आला. शेजारचे दोघं-तिघं चौकशीला आले होते. "दुसरं कोन असणार? माळावर पारध्यांची पालं पडल्यात की!" आबांनी हुंकार भरला. आत बसून मीही मान हलवली, आणि ती लेकीनं पाहिली. त्या पालांतली एक पोर तिच्या वर्गात येते, तिच्याच बाकावर बसते.

"मग तिच्या बाबाला धरून नेणार?"

"जेव आधी," मी म्हटलं. त्या दोन शब्दांची खंत अजून जात नाही.

तीन दिवसांनी पालांतली दोन माणसं खरंच ठाण्यात नेऊन दिवसभर बसवली. काही निघालं नाही, सोडून दिली. पण ती पोर शाळेत यायची थांबली. रोज घरी आल्यावर लेक सांगायची, आजही आली नाही. तेव्हा मी ठरवलं, हिला पोलिसांची गोष्ट नीट, मुळापासून सांगायची. मी निपाणीत एका वाचनालयात काम करते, पुस्तकं हाताशी असतात. वाटलं, चार संध्याकाळचं काम. दोन महिने गेले.

सुरुवात मी चुकीच्या ठिकाणाहून केली. पुस्तकं जिथून करतात तिथून. 1829 साल, लंडन, गृहमंत्री रॉबर्ट पील, त्याचे निळ्या कोटातले, हातात फक्त दांडकं असलेले शिपाई. लाल रंग सैन्याचा, म्हणून लोकांना धाक वाटू नये यासाठी निळा. मला हे फार आवडतं, म्हणून मी रंगवून सांगितलं. लेकीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग 1829 च्या आधी आपल्या गावात मोटरी चोरीला जात नव्हत्या?" तिचं बरोबर होतं. लंडन तिला कुठं लागतच नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढं चिखलातल्या खुणा होत्या.

मग मी तिथूनच धरलं. दुसऱ्या रविवारी दोघी पाणंदीत गेलो. तिला सांगितलं, दोनशे वर्षांपूर्वी गावात चोरी झाली की राखणदार सगळ्यात आधी हेच करायचे, माग काढायचे. पावलावर परात पालथी घालून ठेवायची, म्हणजे वाऱ्यानं, गुरांनी खूण मोडू नये. माग शिवेपर्यंत न्यायचा. तिथं शेजारच्या गावच्या राखणदाराला बोलवून खूण दाखवायची. आता माग त्याच्या गावात शिरला, तर जबाबदारी त्याची. त्यानं तो पुढच्या शिवेवर नेऊन पोचवायचा, नाहीतर चोरीची भरपाई त्याच्या गावानं द्यायची. ज्या गावात माग विरला, ते गाव अडकलं.

लेक डांबरी रस्त्याच्या कडेला उभी होती, जिथं आमचा माग पुसला गेला होता तिथं. "म्हणजे तेव्हा 'आमची हद्द नाही' असं म्हणता यायचं नाही?"

म्हणता यायचं, पण खूण आपल्या शिवेतून बाहेर गेलेली दाखवल्यावरच. हे तिला इतकं पटलं, की पुढं आठवडाभर घरातल्या मांजराचासुद्धा माग निघत होता.

ती व्यवस्था फार न्यायाची होती, असं मात्र मी तिला सांगितलं नाही. राखण करणारा ठरायचा जन्मावरून. वरती पाटील, शिवेची माहिती महारांना, रात्रीचा पहारा कुठं रामोशांकडं, कुठं बेरडांकडं. पहारा देणाऱ्यालाच गावात शिवाशिव पाळावी लागायची. आणि शहरात कोतवाल असायचा, त्याच्या हातात सत्ता आली की काय व्हायचं तेही सांगितलं: 1791 साली पुण्यात घाशीराम कोतवालानं कोंडून घातलेले ब्राह्मण गुदमरून मेले, आणि चिडलेल्या जमावानं त्याला दगडांनी ठेचून मारलं. ही गोष्ट सांगावी की नाही, यावर मी एक रात्र विचार केला. अकरा वर्षांच्या पोरीला झेपेल का? झेपली. तिनं एवढंच विचारलं, की त्याच्यावर लक्ष ठेवणारं कोण होतं? पेशवे होते, नाना फडणवीस होते, असं मी म्हटलं. "मग त्यांना आधी कळलं नाही?" पुढं सगळ्या गोष्टींत तिनं हाच प्रश्न लावून धरला.

आमच्या भागातल्या राखणदारांचा शोध घेताना मला 1884 सालच्या बेळगाव गॅझेटियरमध्ये एक शब्द सापडला: शेतसनदी. सनदेनं शेत मिळालेला माणूस. जमीन कसायची आणि त्या बदल्यात गावाची राखण, सरकारी वसुलीला संरक्षण, वेळ पडली तर हत्यार घेऊन हजर व्हायचं. आणि मग आठवलं की हा शब्द मी आधी ऐकलाय. कित्तूर संस्थानातला संगोळ्ळी रायण्णा शेतसनदीच होता.

25 डिसेंबरच्या सुट्टीला आम्ही दोघी नंदगडला गेलो. निपाणीहून बेळगाव, बेळगावहून खानापूर, तिथून पुढं नंदगड. निघताना आबा नाराज होते. "त्याच्याकडं कशाला? तो त्यांचा." रायण्णाच्या पुतळ्यावरून 2020 मध्ये बेळगावजवळ पिरनवाडीत मराठी-कन्नड तणाव झाला होता, तो त्यांच्या मनात ताजा होता. मी वाद घातला नाही. पोरीला घेऊन निघाले.

गाडीत तिला सांगितलं. 1824 साली राणी चन्नम्माच्या कित्तूरवर कंपनी सरकार चालून आलं, पहिल्या लढाईत कंपनीचा अधिकारी थॅकरे मारला गेला, दुसऱ्यांदा कित्तूर पडलं. मग कंपनीनं शेतसनदींच्या जमिनींना हात घातला. कुणाची काढून घेतली, कुणावर जबर पट्टी बसवली. ज्या जमिनीच्या बळावर हा माणूस राखण करत होता तीच गेली. रायण्णानं माणसं जमवली, बिडी गावची कचेरी जाळली, खजिने लुटले. 1830 मध्ये फितुरीनं सापडला, 1831 मध्ये त्याला नंदगडला फाशी दिली.

समाधीजवळच्या वडाखाली आम्ही भाकरी सोडली. खानापूर तालुक्यातली मराठी माणसंही तिथं येऊन नारळ ठेवत होती. मी तिला उमाजी नाईकाचं सांगितलं. त्याच्या रामोशांकडं पुरंदरची राखण होती. पेशवाई गेली, कंपनी आली, राखणही गेली आणि वतनही. त्यानंही बंड केलं, त्यालाही धरलं, आणि 3 फेब्रुवारी 1832 ला पुण्यात फासावर चढवलं. रायण्णानंतर जेमतेम एका वर्षानं. एक कन्नड मुलखातला, एक मराठी. दोघांची कामं जवळपास तीच, आणि दोघांचं दुःखही तेच.

"म्हणजे जे पोलीस होते, त्यांनाच चोर केलं?"

मी इतक्या थेट शब्दांत ते कधी मांडलं नव्हतं.

त्याच्या पुढचा भाग मी भराभर उरकला. आता पील उपयोगी पडला. लंडनच्या आधी, 1814 मध्ये, याच पीलनं आयर्लंडमध्ये एक दल उभारलं होतं, आणि ते दांडकंवाल्यांचं नव्हतं. जिंकलेल्या, न जुमानणाऱ्या लोकांना धाकात ठेवण्यासाठी होतं. त्यातून तिथं हत्यारबंद, बराकीत राहणारी कॉन्स्टॅब्युलरी झाली. 1843 मध्ये सिंध जिंकल्यावर चार्ल्स नेपियरनं आपल्या पोलिसांसाठी नमुना घेतला तो आयर्लंडचा, लंडनचा नव्हे. सिंधचं पाहून 1850 नंतर मुंबई इलाख्यानं जिल्ह्याजिल्ह्याला पोलीस सुपरिंटेंडेंट नेमले. 1857 चा उठाव झाला आणि मग 1861 चा पोलीस कायदा आला. मुंबई इलाख्यानं स्वतःचे वेगळे कायदे केले, त्यातल्या 1867 च्या कायद्यानं गावचा पाटील पोलीस पाटील झाला. लेकीनं वहीत दोन रकाने पाडले. एकावर लिहिलं लंडन, दुसऱ्यावर आयर्लंड. आणि दुसऱ्या रकान्यातून बाण काढून आणला तो थेट कोगनोळीपर्यंत.

पोलीस पाटलावर तिनं अडवलं. कागलकडच्या आत्याच्या गावात पोलीस पाटील आहे, मग आपल्याकडं का नाही? महाराष्ट्रानं 1967 चा नवा कायदा करून ते पद ठेवलं. इकडं 1961 च्या कायद्यानं वंशपरंपरेची गावकामगारीच रद्द केली. आमच्या बाजूला आता पोलीसपाटील हे नुसतं आडनाव उरलंय. एकाच नदीच्या दोन काठांवर.

या सगळ्यात अवघड होती ती पालांची गोष्ट. मी ती सारखी पुढं ढकलत होते. सांगायची तर माझ्या मान हलवण्यापासून सांगायला हवी होती.

1871 मध्ये इंग्रज सरकारनं क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट केला. आधी उत्तरेत, आणि 1911 च्या सुधारित कायद्यानंतर आपल्या मुंबई इलाख्यातही. त्याचा अर्थ एवढाच, की काही जमातींत जन्मलं म्हणजे गुन्हेगार. चोरी केली का, कुणी पाहिली का, साक्ष आहे का, काही विचारायचं नाही. नाव नोंदवायचं, बोटांचे ठसे द्यायचे, ठाण्यात हजेरी लावायची, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. पारधी, कैकाडी, भामटा, बेरडांतले काही. गावोगाव राखण केलेल्यांची नातवंडंसुद्धा त्या यादीत. सोलापूर, हुबळी, विजापूर इथं तारेच्या कुंपणाच्या वसाहती केल्या. सेटलमेंट म्हणायचे. देश स्वतंत्र झाला तो 1947 ला, हा कायदा गेला 31 ऑगस्ट 1952 ला. आणि तरी त्याच्या मागोमाग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले.

"त्या दिवशी तू मान हलवलीस," लेक म्हणाली.

"हो. मला काही माहीत नव्हतं, तरी हलवली. ते चूक होतं."

"आबांनी पण."

"आबांनी पण."

ती उठून गेली. मला वाटलं, रागावली. पण ती वही आणायला गेली होती. 31 ऑगस्ट 1952 तिनं मोठ्या अक्षरात लिहिलं. जानेवारीत ती वर्गातली पोर परत आली, तेव्हा लेकीनं तिला वही दाखवली. तिला ते आधीच ठाऊक होतं. तिच्या आजीची आई सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये वाढली होती. "आमची आज्जी म्हनती, आमाला स्वातंत्र्य पाच वर्सं उशिरा आलं," असं ती म्हणाल्याचं लेकीनं मला सांगितलं. मी सोलापूर पुस्तकात शोधत होते, आणि ते लेकीच्या बाकावर बसलेलं होतं.

17 जानेवारीला मी तिला निपाणीत हुतात्म्यांच्या अभिवादनाला नेलं. दरवर्षी आबा जातात, यंदा आम्हीही. 1956 च्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात गेलेले बेळगावचे मारुती बेन्नाळकर, मधुकर बांदेकर, महादेव बारीगडी, लक्ष्मण गावडे आणि आमच्या निपाणीच्या कमळाबाई मोहिते. घरी येताना लेकीनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "कर्नाटक पोलिसांनी मारलं ना त्यांना?"

आबा पुढं चालत होते. मी म्हटलं, "नाही. तेव्हा आपण मुंबई राज्यात होतो. मोरारजी देसाई मुख्यमंत्री होते. म्हैसूर राज्यात आपण गेलो ते त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला."

"म्हणजे आपल्याच पोलिसांनी?"

आबा थांबले. इतकी वर्षं ते अभिवादनाला जातात, पण मला वाटतं गोळी कुणाची होती हे त्यांनी कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. आमच्याकडं कुणीच म्हणत नाही. सीमाप्रश्न पोटातून निघणारा आहे, मलाही. 1986 च्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरुद्ध उठलेली माणसं कर्नाटक पोलिसांच्या गोळीबारात गेली, हिंडलग्याला त्यांचं स्मारक आहे, तेही मी तिला सांगितलं. ते झाकून ठेवायचं नव्हतं. पण त्यामुळं 1956 बदलत नाही. मुंबईत फ्लोरा फाउंटनला चाललेल्या गोळ्या आणि बेळगाव-निपाणीत चाललेल्या गोळ्या एकाच सरकारच्या होत्या.

त्या रात्री आबा आपणहून बोलले. 1981 चं बोलले. तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या मागं शेतकरी पुणे-बेंगळुरू महामार्गावर बसले होते. राहुट्या, चुली, बैलगाड्या. त्या वस्तीला आंदोलननगर नाव पडलं होतं. आबा तेव्हा विशी-बाविशीचे. "माझ्या उजव्या अंगाला चिकोडीकडला कानडी गडी हुता. त्याला मराठी येत न्हवतं, मला कानडी येत न्हवतं. तमाखू दोघांची." तीन-एक आठवड्यांनी, 6 एप्रिलला, पोलिसांनी रस्ता मोकळा केला. गोळीबार झाला, शेतकरी मेले. आबा उसाच्या फडात पळाले. त्या गड्याचं पुढं काय झालं, त्यांना कधीच कळलं नाही.

लेक वही उघडून बसली होती. तिनं काहीच लिहिलं नाही. खूप वेळानं म्हणाली, "आबा, गोळी मारा असं कुणी सांगितलं ते कुणी विचारलं?" घाशीरामापासूनचा तोच प्रश्न.

मोटरीचं राहिलंच. जानेवारीच्या अखेरीस माझ्या वकील भाच्याला सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, मामी, 1 जुलै 2024 पासून नवा कायदा आहे. गुन्हा कुणाच्याही हद्दीत झालेला असो, ज्या ठाण्यात जाल त्यांनी तक्रार नोंदवायची, मग ती योग्य ठाण्याकडं त्यांनीच पाठवायची. झिरो एफआयआर म्हणतात. लेक म्हणाली, "शिवेवर नेऊन द्यायचा माग." माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं.

आबा, हे, मी आणि लेक असे चौघं अलीकडच्या ठाण्यात गेलो. दाराबाहेरची कन्नड पाटी लेकीनं वाचली: आरक्षक ठाणे. ठाणं हा शब्द दोन्हीकडं तोच, हवालदार, फौजदारही, हे मी तिला सांगितलेलं होतं. तक्रार लिहून घेणाऱ्या रायटर समंजस बाई होत्या. मराठी येत होतं, पण अडखळत बोलत होत्या. भाच्यानं सांगितलेलं कलम आम्ही कागदावर लिहून नेलं होतं, ते काढायची वेळ आली नाही. त्यांनी आबांना बसायला खुर्ची दिली आणि एकेक विचारत लिहून घेतलं. मोटर किती एचपीची, कुठल्या कंपनीची, कधी लक्षात आलं. आणि मग विचारलं, "संशय कुणावर?"

मी आबांकडं पाहिलं नाही. पाहावंसं वाटलं नाही. लेक मात्र पाहत होती.

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "न्हाई."

"पहिल्या दिवशी तुम्ही लोक म्हणत होता..."

"म्हणत हुतो. मी बगितलं न्हाई कुनाला. कुनावर संशय न्हाई, असंच लिव्हा."

एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती आम्ही मागून घेतली. ती कन्नडमध्ये होती. आबांना कन्नड वाचता येत नाही, मलाही जेमतेम. लेकीला शाळेत कन्नड आहे. बाहेर पायरीवर बसून तिनं बोट ठेवत ठेवत एकेक ओळ वाचली आणि आबांना मराठीत सांगितली. तारीख, वेळ, साडेसात एचपी, केबल. संशयिताच्या ओळीवर आल्यावर ती दोनदा वाचून थांबली.

"लिवलंय का त्यांनी तसं?" आबांनी विचारलं.

"लिहिलंय, आबा."